आमदाराचा प्रश्न सभागृहात कसा पोहोचतो

आमदार निवडून कसा आला, कोणत्या गावाने साथ दिली, कोणत्या गावाने ऐनवेळी पाठ फिरवली, यावर खान्देशात पारावर, एसटी स्टँडवर, केळीचा ट्रक भरला जात असताना, कुठेही तासभर बोलणारी माणसं भेटतात. पण निवडून गेल्यावर तो विधानसभेत नेमकं काय करतो, असं विचारलं की बोलणं आटपतं. "भाषण करतो", "निधी आणतो", बस. मी २०१४ ते २०२४ या काळात एका आमदारांचा स्वीय सहायक होतो. त्यांचा मतदारसंघ सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत पसरलेला. लोक त्यांना आप्पा म्हणतात. हे लिहू का, असं विचारायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "लिही. पण माझं नाव नको, तालुक्याचं नको, पक्षाचं तर नकोच. प्रश्न कसा तयार करतात ते लिही. कोणातरी पोराच्या कामी येईल." म्हणून नावं गाळून लिहितो आहे.

आप्पांचे वडील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतमजूर होते. आप्पा स्वतः जुनी अकरावी. गावचे सरपंच, मग जिल्हा परिषद सदस्य, मग २००९ मध्ये विधानसभेला पराभव आणि २०१४ मध्ये विजय. निवडणुकांचं मी फार सांगणार नाही, ते सगळीकडे सारखंच असतं. आप्पांच्या घडणीत महत्त्वाची ठरली ती जिल्हा परिषद. तिथे त्यांना एक सवय लागली: सभेला जाताना विषयपत्रिका आणि मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून जायचं. बहुतेक सदस्य चहा येईपर्यंत पाकीट फोडत नसत. आप्पा आदल्या रात्री घरी कंदील असो की बल्ब, बोट ठेवून एकेक ओळ वाचत. "ज्याने इतिवृत्त वाचलं त्याला साहेब लोक वचकतात," हे मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं.

मी तेव्हा एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवत होतो. विधिमंडळाची रचना मुलांना फळ्यावर लिहून देत होतो: विधानसभेचे २८८ सदस्य, विधान परिषदेचे ७८, अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपुरात अधिवेशन घेण्याचं १९५३ च्या नागपूर करारातलं कलमही पाठ होतं. पण तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्यांकडून सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न, ही व्याख्या येणं वेगळं आणि तो लिहिता येणं वेगळं. ते मी आप्पांकडे आल्यावर शिकलो.

पहिल्या अधिवेशनाला मुंबईला गेलो तेव्हा आप्पांनी मला आधी विधान भवनाच्या ग्रंथालयात नेलं. जुन्या कार्यवाहीचे बांधीव खंड दाखवले. म्हणाले, "इथे आपल्याकडची माणसं आहेत, ती वाच." ही माणसं कोण, ते सांगायला हवं, कारण आमच्याकडच्या तरुण कार्यकर्त्यांनाही ती नावं आता फक्त चौकातल्या पाट्यांवरून माहीत आहेत. खिरोद्याचे मधुकरराव चौधरी १९९० ते १९९५ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. चोपड्याचे अरुणभाई गुजराथी १९९९ ते २००४ अध्यक्ष होते. दहा-पंधरा वर्षांच्या काळात अध्यक्षांच्या खुर्चीवर दोनदा जळगाव जिल्ह्याचा माणूस बसला. आणि त्यांच्याही आधी प्रतिभाताई पाटील. १९६२ मध्ये जळगावातून पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हा त्यांचं वय २७ होतं. पुढे १९६७ पासून १९८५ पर्यंत एदलाबादच्या आमदार, म्हणजे आजचं मुक्ताईनगर. आरोग्य, समाजकल्याण, शिक्षण, नगरविकास अशी खाती त्यांनी सांभाळली; १९७९-८० मध्ये त्या विरोधी पक्षनेत्या होत्या. राष्ट्रपती म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण त्याआधीची तेवीस वर्षं त्या आमदार होत्या, आणि त्यातला बहुतेक काळ जुन्या कौन्सिल हॉलमध्ये गेला. आजचं विधान भवन १९८१ मध्ये सुरू झालं. मला वाटतं, या कारकिर्दीचा अभ्यास आपल्या विद्यापीठात व्हायला हवा तेवढा झालेला नाही. जळगावचे ११, धुळ्याचे ५ आणि नंदुरबारचे ४ असे खान्देशाचे २० आमदार होतात. २८८ मध्ये २० म्हणजे थोडेच. थोड्या लोकांनी ऐकू जायचं असेल तर काय विचारायचं हे फार नीट ठरवावं लागतं.

आता रोजचं काम. सकाळी सहाला आप्पांच्या अंगणात माणसं यायला लागत. "आप्पा घर शेतस का?" (घरी आहेत का?) असं अहिराणीत विचारत म्हातारी बाई ओट्यावर बसायची, तिच्या मागे ट्रान्सफॉर्मर जळालेल्या शिवारातले पाच-सहा शेतकरी, मग बदलीवाले शिक्षक, मग आजारी माणसाचे नातेवाईक. सर्वांत जास्त वेळ आजारपणात जातो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आजार बसतो का, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. मुंबईत आमदार निवासातल्या आमच्या खोलीत आप्पा क्वचितच एकटे झोपले. टाटा किंवा केईएमला रुग्ण घेऊन आलेलं कोणीतरी सतरंजीवर असायचंच. आप्पा पहाटे त्यांच्या डोक्यापाशी पाय न वाजवता बाहेर पडत.

निधीचंही सांगतो, कारण त्याबद्दल फार गैरसमज आहे. आमदार स्थानिक विकास निधी आता वर्षाला पाच कोटी रुपये आहे. पण आमदाराच्या हाती चेकबुक नसतं. तो कामाची शिफारस करतो. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात, अंदाजपत्रक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद करते, पैसे यंत्रणेकडे जातात. ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या शीर्षातून, कामं मिळतात, ती वेगळी. पाच कोटी दीडशे गावांत वाटायला घेतले की गावाला एक सामाजिक सभागृह नाहीतर गल्लीभर काँक्रीट येतं. लोक यावरून आमदाराला मोजतात. मला हे पटत नाही. कारण कालवा, वीज, विमा, वनहक्क, वसतिगृह हे प्रश्न पाच कोटींत सुटणारे नसतातच. ते धोरणाचे प्रश्न असतात आणि धोरणाला हात घालायची जागा सभागृह हीच आहे.

ते कसं होतं, हे एका उदाहरणाने सांगतो. आमच्या दुसऱ्या टर्ममधल्या एका हिवाळ्यात जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. केळीला थंडी फार लागते. पारा दहाच्या खाली गेला की झाडाची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, पोंगा (न उलगडलेलं कोवळं पान) आखडतो, निसवणीला म्हणजे घड बाहेर पडायला आलेल्या झाडाचा घड मधेच अडकतो. आमच्याकडे याला चरका पडला असं म्हणतात. कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली केळी) आणि मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) दोन्हींत नुकसान झालं. शेतकऱ्यांनी हवामानावर आधारित फळपीक विमा काढलेला होता. या योजनेत गारपीट आणि वादळी वारा सोडला तर शेतात येऊन पंचनामा होत नाही. प्रत्येक महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, स्वयंचलित हवामान केंद्र असतं. त्यावर सलग ठरावीक दिवस तापमान ठरावीक अंशाखाली नोंदलं गेलं तर त्या मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई, नाहीतर कोणालाच नाही. बागेत काय झालं याला अर्थ नसतो. केंद्राने काय लिहिलं त्याला असतो.

झालं असं की आमच्या तालुक्यातल्या एका मंडळाला भरपाई मिळाली नाही आणि त्याच्या तिन्ही बाजूंच्या मंडळांना मिळाली. बांधाच्या अलीकडे शून्य, पलीकडे हेक्टरी हजारो रुपये. माणसं चिडून आली. "आप्पा, थंडी काय बांध पाहीसन पडस का?" असं एकाने विचारलं, त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. काहींचं म्हणणं होतं, रास्ता रोको करू. आप्पा म्हणाले, "रस्ता अडवायचा तर मी पुढे बसतो. पण आधी मला त्या केंद्रापाशी घेऊन चला."

केंद्र एका सरकारी इमारतीच्या आवारात होतं. मागे भिंत, एका बाजूला पत्र्याची शेड, वर लिंबाची फांदी. आप्पा काही बोलले नाहीत. मी फोटो काढले, अंतरं टेपने मोजली. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते, झाडाखाली दव आणि गारवा कमी असतो, त्यामुळे किमान तापमान उघड्या शिवारापेक्षा जास्त नोंदलं जातं. हे मला कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका सरांनी समजावलं. केंद्र मोकळ्या जागेत, अडथळ्याच्या उंचीच्या कितीतरी पट अंतरावर असावं लागतं. एक-दोन अंशाचा फरक पडला तरी शेकडो शेतकरी भरपाईच्या बाहेर जातात.

मी त्याच रात्री प्रश्न लिहायला बसलो. आप्पांनी थांबवलं. "तक्रार कुठे आहे?" मी म्हटलं, एवढी माणसं येऊन गेली की. "ती अंगणात आली. कार्यालयात कुठे गेली?" तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरली: आवक क्रमांक, म्हणजे कार्यालयात अर्ज नोंदल्याचा क्रमांक, नसलेली तक्रार सभागृहात टिकत नाही. मंत्री सरळ सांगतात की अशी कोणतीही तक्रार प्राप्त नाही, आणि ते खोटंही नसतं. दुसऱ्या दिवशी त्या मंडळातल्या गावांतून तालुका कृषी अधिकारी आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज गेले, प्रत्येकाच्या स्थळप्रतीवर शिक्का आणि तारीख. शेजारच्या मंडळांतल्या केंद्रांचे रोजचे किमान तापमान माहिती अधिकारात मागवले. ग्रामसभेचा ठराव झाला. हे सगळं जमायला वेळ लागतो. अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी प्रश्न देण्याची मुदत तोपर्यंत गेलेली होती, कारण तारांकित प्रश्न अधिवेशन सुरू होण्याच्या बरेच आधी द्यावे लागतात. म्हणून पावसाळी अधिवेशन धरलं.

तारांकित प्रश्नाला एक ठरलेला घाट असतो. आमचा प्रश्न साधारण असा होता: "(१) अमुक तालुक्यातील अमुक महसूल मंडळातील केळी उत्पादक शेतकरी माहे जानेवारीतील कमी तापमानामुळे नुकसान होऊनही फळपीक विम्याच्या भरपाईपासून वंचित राहिले आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त मंडळातील हवामान केंद्र इमारत व झाडाच्या आडोशाला असल्याबाबतची निवेदने तालुका कृषी अधिकारी यांना अमुक दिनांकास प्राप्त झाली आहेत, हे खरे आहे काय, (३) असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय व त्यात काय आढळून आले, (४) त्यानुसार केंद्र मोकळ्या जागेत हलविण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

वाचायला हे रुक्ष वाटेल. पण यातला प्रत्येक भाग पुढच्याला बांधलेला असतो. पहिल्या भागात वस्तुस्थिती, दुसऱ्यात तक्रारीची तारीख, तिसऱ्यात चौकशी. दुसऱ्याला "होय" म्हटलं की तिसऱ्यातून सुटका नाही. आप्पा मसुदा मोठ्याने वाचायला लावत आणि मधेच विचारत, "आता तू मंत्री आहेस. यातून कसा निसटशील?" मी निसटायची वाट शोधायची आणि ती बुजवायची. "मोठ्या प्रमाणावर", "अनेक शेतकरी", "तीव्र असंतोष" असले शब्द ते काढून टाकत. त्यांच्या मते ज्या शब्दाचं माप घेता येत नाही त्या शब्दातून उत्तर देणारा बाहेर पडतो.

प्रश्नावर सही करायला आप्पांनी खान्देशातल्या दुसऱ्या पक्षांच्या आमदारांनाही विचारलं. केळी कोणत्या पक्षाची नसते. काहींनी लगेच होकार दिला, काहींच्या सहायकांनी फोनच उचलला नाही.

प्रश्न स्वीकृत झाला की एक गंमतीदार वाटेल अशी पण फार गंभीर यंत्रणा हलते. मंत्रालयातला कक्ष अधिकारी आयुक्तालयाला कळवतो, तिथून जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, तिथून तालुका. "विधानसभा तारांकित प्रश्न, अतितात्काळ" असा मजकूर असलेला मेल येतो. जे अर्ज महिने-दोन महिने एका फाइलीत पडून होते ते एका संध्याकाळी टेबलावर येतात. तालुक्यातून मला फोन आला: "भाऊ, प्रश्न लागलाय. त्या केंद्राचा नकाशा तुमच्याकडे आहे म्हणे?" मी दिला. अधिकाऱ्याला अडवून आपलं काम होत नाही. त्याला खरी माहिती वर पाठवायला सोपं करून द्यायचं असतं. त्या अधिकाऱ्याने स्वतः जाऊन पाहणी केली आणि जसं दिसलं तसं लिहिलं. त्याचा मी आजही आदर करतो.

मुंबईत प्रश्नोत्तराच्या तासाला आमचा क्रमांक यादीत खाली होता. तासाभरात मोजकेच प्रश्न तोंडी होतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी समजली जातात. आमचंही तसंच झालं. लेखी उत्तर आलं: पहिला भाग "हे अंशतः खरे आहे", दुसरा "हे खरे आहे", तिसऱ्याला "पाहणी करण्यात आली असून अहवाल प्राप्त झाला आहे", पाचव्याला "प्रश्न उद्भवत नाही". बातमी कुठेच आली नाही. गावातून फोन आले की आप्पा बोललेच नाहीत. टीव्हीवर दिसले नाहीत म्हणजे बोलले नाहीत, अशी समजूत.

पण आप्पा खूश होते. लॉबीच्या बाहेर ते कागद हातात धरून म्हणाले, "दुसरं खरं आहे असं सरकारने लिहून दिलं. आता तक्रार आपली राहिली नाही, सरकारचीच झाली." ते वाक्य मला समजायला संध्याकाळ लागली. तोपर्यंत केंद्राची जागा चुकीची आहे, हा आमचा आरोप होता. त्या उत्तरानंतर तो विधानसभेच्या कामकाजात नोंदलेला भाग झाला आणि पुढच्या लक्षवेधीचा पाया झाला.

लक्षवेधी नियम १०५ खाली देतात. तातडीच्या आणि सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे मंत्र्यांचं लक्ष वेधायचं, मंत्री निवेदन करतात आणि मग सदस्याला त्यावर प्रश्न विचारता येतात. स्वीकारायची की नाही हे अध्यक्षांच्या हाती. प्रत्येक आमदार सूचना देत असतो, लागतात मोजक्या. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आम्ही रोज सूचना देत होतो. नागपूरचं अधिवेशन छोटं, मोर्चे मोठे, आणि डिसेंबरची थंडी. आमच्या भागात कांदेबाग नुकतीच धरलेली; शेतकरी पुन्हा पाऱ्याकडे बघायला लागलेले. एका रात्री उशिरा कळलं, उद्याच्या यादीत आपली आहे. सिव्हिल लाइन्समधल्या आमदार निवासातल्या खोलीत आम्ही बसलो. मी मोठं टिपण काढलं होतं, केळीचं क्षेत्र, २०१६ मध्ये जळगावच्या केळीला मिळालेलं भौगोलिक मानांकन, विम्याचा हप्ता, सगळं. आप्पांनी ते बाजूला ठेवलं.

"हे भाषण झालं. मला तीन प्रश्न दे. भाषणाला टाळी मिळते, प्रश्नाला तारीख मिळते."

तीन प्रश्न असे ठरले. अहवालात केंद्राची जागा अयोग्य असल्याचं म्हटलं आहे का, हो की नाही. असेल तर केंद्र कोणत्या तारखेपर्यंत हलवणार. आणि जिल्ह्यातल्या सगळ्याच मंडळांतल्या केंद्रांची जागा तपासणार का, कोणाच्या अध्यक्षतेखाली. मागच्या वर्षीची भरपाई हा चौथा प्रश्न मी पहिला ठेवायचा आग्रह धरला, कारण माणसं त्यासाठीच आली होती. आप्पांनी तो शेवटी ठेवला. त्यांचं म्हणणं, तो पहिला विचारला तर मंत्री कराराच्या अटी वाचून दाखवतील आणि वेळ संपेल. त्यात हंगाम हातचा जाईल. त्यावर आम्ही बराच वेळ वाद घातला. मला अजूनही वाटतं की तो निर्णय सोपा नव्हता. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यापेक्षा ज्यांचं होणार आहे त्यांना पुढे बसवायचं, हे अंगणात बसलेल्या माणसाला सांगायला छाती लागते. आप्पांनी ते नंतर प्रत्येक गावात जाऊन स्वतः सांगितलं.

सकाळी मंत्र्यांचं निवेदन हातात आलं. त्यात पाहणी अहवालाचा उल्लेख होता, निष्कर्षाचा नव्हता. आप्पा घरात, शेतात अहिराणी बोलतात. सभागृहात उभे राहिले की प्रमाण मराठीत सावकाश बोलतात, शब्द मोजून. "माननीय अध्यक्ष महोदय" म्हटल्यावर एक श्वास घेतात. मी अधिकाऱ्यांच्या दीर्घेच्या (गॅलरीच्या) पलीकडे उभा होतो, पुढे काय झालं ते तिथूनच ऐकलं. पहिल्या प्रश्नावर मंत्री मागे वळले, अधिकाऱ्याने चिठ्ठी दिली आणि मंत्र्यांनी मान्य केलं की जागा योग्य नाही. दुसऱ्यावर "लवकरात लवकर" असं उत्तर आलं. आप्पा खाली बसले नाहीत. "अध्यक्ष महोदय, लवकरात लवकर म्हणजे केळीचं घड निघून जाईपर्यंत असू शकतं. मला महिना हवा." समोरच्या बाकांवरच्या खान्देशातल्या दोन सदस्यांनीही तेच लावून धरलं. मंत्र्यांनी महिना सांगितला. तिसऱ्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सर्व केंद्रांच्या जागांची तपासणी करण्याचं मान्य केलं. चौथ्यावर, अपेक्षेप्रमाणे, "तपासून पाहू".

सभागृहात बोललेला शब्द हवेत विरत नाही, हे मी इथे शिकलो. प्रत्येक शब्द प्रतिवेदक टिपतात. त्याची असुधारित प्रत मिळते. मंत्र्यांनी "करण्यात येईल" म्हटलं की ते आश्वासन ठरतं. विधानमंडळ सचिवालय ते वेगळं काढून विभागाला कळवतं आणि आश्वासन समितीकडे त्याचा हिशेब जातो. बहुतेक आमदारांचं काम उत्तर मिळालं की संपतं. आमचं तिथे सुरू व्हायचं. मी एक रजिस्टर ठेवलं होतं: आश्वासन कोणतं, कोणत्या दिवशी, विभाग कोणता, कोणाच्या टेबलावर. दर आठवड्याला फोन, दर महिन्याला पत्र, अधिवेशनात पुन्हा आठवण. आमदाराच्या सहायकाची खरी कामगिरी या रजिस्टरमध्ये असते असं माझं ठाम मत आहे. वनहक्काच्या दाव्यांचं काम आम्ही याच पद्धतीने केलं. २००६ चा कायदा असूनही पाड्यांवरचे दावे उपविभागीय समितीत अडकलेले. दावा क्रमांकांची यादी प्रश्नाला जोडली तेव्हा ते हलले. सरसकट "दावे प्रलंबित आहेत" म्हटलं असतं तर "कार्यवाही सुरू आहे" एवढंच उत्तर आलं असतं.

केंद्र हललं. सांगितलेल्या महिन्यात नाही, थोडं उशिरा, पण थंडी संपायच्या आत. आता ते बाजार समितीच्या उपबाजाराच्या मोकळ्या जागेत आहे, तारेचं कुंपण घातलेलं. जिल्ह्यातल्या तपासणीत आणखी काही केंद्रांच्या जागा बदलायला निघाल्या. मागच्या वर्षीची भरपाई मात्र मिळाली नाही. कंपनीने करारातल्या नोंदीवर बोट ठेवलं, विभागाने ते मान्य केलं. "पैसा कव्हय येतीन?" (पैसे कधी येतील?) असं विचारणाऱ्यांना मला नाही म्हणून सांगावं लागलं. त्यातल्या काहींनी पुढे आप्पांना मत दिलं नसेल, आणि मी त्यांना दोष देत नाही.

२०२२ च्या जून-जुलैत राज्यात जे घडलं त्यानंतर आमदार म्हटलं की लोक फक्त गट आणि खोके बोलायला लागले. त्या दिवसांत कार्यालयात बसणं जड होतं. फोनवर लोक शिव्या देत, कोण कुठे गेलं ते आम्हालाच विचारत. पण त्याच महिन्यात पेरण्या होत्या, युरियाची टंचाई होती, वसतिगृहाचे प्रवेश अडले होते, आणि ते प्रश्न विचारावेच लागत होते. आमदाराची कारकीर्द फक्त त्याने बाजू कोणती घेतली यावरून मोजली जाते, तेव्हा त्याने विचारलेले शेकडो प्रश्न कोणी उघडूनही बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि सभागृहाची कार्यवाही विधानमंडळाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. आपल्या आमदाराने आपल्या तालुक्याबद्दल काय विचारलं आणि सरकारने काय उत्तर दिलं, हे कोणालाही तपासता येतं. मी शिकवतो त्या वर्गाला आता हेच करायला लावतो: एक प्रश्न निवडा, त्याचं उत्तर वाचा आणि गावात जाऊन बघा ते खरं आहे का. पोरं रस घेतात. एका गटाने पाणीपुरवठा योजना "पूर्ण" असल्याचं उत्तर शोधून काढलं आणि कोरड्या टाकीचे फोटो आणले. त्यांनी ग्रामसभेत अर्ज दिला, आवक क्रमांकासह.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत आप्पा पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, आश्वासनांचं रजिस्टर आणि चालू फायली नव्या आमदारांकडे देऊन ये. कार्यकर्त्यांना हे आवडलं नाही. एकाने तोंडावर म्हटलं, आपण केलेल्या कामाचं नाव ते घेतील. आप्पा म्हणाले, "घेऊ दे. उरलेली केंद्रं तर हलतील."

नव्या आमदारांचा सहायक तरुण आहे, वकिलीचं शिक्षण झालेला. त्याने फायली उघडल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला की आश्वासनाचा क्रमांक कुठे लिहिलेला असतो. मी दाखवला. जिल्ह्याच्या तपासणीतल्या दोन मंडळांची केंद्रं अजून जुन्याच जागी आहेत. त्यांच्या अंतरांचं मोजमाप, फोटो आणि शेतकऱ्यांच्या अर्जांच्या शिक्के असलेल्या प्रती मी त्याला दिल्या. दोन्ही मंडळांचा मिळून एकच प्रश्न करू का, असं त्याने विचारलं. वेगवेगळे कर म्हणालो, एकत्र केले तर एकाच्या अर्धवट कामावर दोघांचं उत्तर येईल. त्याने वेगवेगळे केले आहेत.